दाबोळीहून गेलेलं डॉर्नियर

२०१५ चा गुढीपाडवा होऊन तीन दिवस झाले होते. मंगळवार, २४ मार्च. रात्रीच्या सरावासाठी गोव्यातल्या दाबोळीच्या तळावरचं नौदलाचं एक डॉर्नियर विमान अरबी समुद्रावर उडत होतं. आत तिघं होते : कमांडर निखिल जोशी, सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि निरीक्षक लेफ्टनंट किरण शेखावत. रात्री दहाच्या सुमारास त्यांच्याशी असलेला संपर्क तुटला. गोव्याच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ सागरी मैलांवर, म्हणजे अंदाजे ४५ किलोमीटर आत, विमान पाण्यात कोसळलं होतं. जोशी वाचले. नागोरी आणि शेखावत गेले.

वर्तमानपत्रांत आठवडाभर बातम्या आल्या आणि थांबल्या. समोर शत्रू नव्हता, गोळी सुटली नव्हती, त्यामुळे युद्धकथांच्या पुस्तकांत या तिघांना जागा मिळत नाही. ही उणीव मला मोठी वाटते. त्या रात्रीचं उड्डाण म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं चाललेल्या एका पहाऱ्यातली एक पाळी होती. हा पहारा का सुरू झाला, तो कशामुळे वाढत गेला आणि रात्रीच्या अंधारात, लाटांच्या वर, तीन तरुण अधिकाऱ्यांना सराव करावा लागेल इतका तो कसा ताणला गेला, हे पाहिल्याशिवाय अपघाताचा अर्थ लागत नाही. या हकिगतीचा पहिला धागा तर आपल्या भागातूनच, बेळगावातून, निघतो.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला तो अडचणीत सापडल्यावर. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, माल अडला, आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायला त्यांना आकाशमार्गाची गरज पडली. सहा वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या कारवाईसाठी मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची जुळवाजुळव बेळगावात झाली. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. प्रवासी इमारतीला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. त्याच सकाळी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी करून गोव्याचा लिस्बनशी असलेला संवाद तोडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

फुटलेली धावपट्टी दुरुस्त झाली आणि १९६२ साली कँडेथ यांनीच, तेव्हा ते गोव्याचे लष्करी गव्हर्नर होते, ती नौदलाच्या हवाई शाखेकडे सोपवली. तमिळनाडूतल्या कोइंबतूरजवळ सुलूरला सुरू झालेला ‘आयएनएस हंसा’ हा तळ १९६४ मध्ये दाबोळीला हलला. आजरा-आंबोलीचा घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना दाबोळी माहीत आहे ती प्रवासी विमानतळ म्हणून. पण ती धावपट्टी मुळात नौदलाची. कामाच्या दिवशी सकाळी काही तास तिथे प्रवासी विमानांना मज्जाव असतो, तो याच कारणाने. ते तास नौदलाच्या प्रशिक्षणाचे असतात.

समुद्रावर विमानातून नजर ठेवण्याचं काम मात्र आरंभी नौदलाकडे पुरतं नव्हतं. दूरच्या टेहळणीची मोठी विमानं हवाई दलाची असत. दुसऱ्या महायुद्धातली जुनी लिबरेटर आणि नंतर सुपर कॉन्स्टेलेशन विमानं पुण्याच्या लोहगावहून अरबी समुद्रावर जात. नौदलाकडे होती ती विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी फ्रान्सकडून घेतलेली अलिझे. मार्च १९६१ मध्ये फ्रान्समधल्या इयेर इथे त्यांचं पथक उभं राहिलं. पथक क्रमांक ३१०, टोपणनाव ‘कोब्रा’. अलिझे हे तीन माणसांचं, पंख्याचं, संथ विमान. पोटाखाली रडार, काम पाणबुड्या हुडकण्याचं. वेग कमी असल्याने ते समुद्राच्या एका तुकड्यावर तासन्‌तास घिरट्या घालू शकत असे, आणि त्याच कारणाने शत्रूच्या लढाऊ विमानापुढे त्याचा निभाव लागत नसे.

१९७१ च्या युद्धात नेमकं हेच घडलं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, ३१० पथकाचं एक अलिझे कच्छच्या किनाऱ्यापलीकडे पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने पाडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी परतले नाहीत. युद्धानंतर बेपत्ता म्हणून ज्यांची यादी झाली, तिच्यात रॉय यांचं नाव वर्षानुवर्षं राहिलं. पुढे २०१५ साली जे विमान कोसळलं, ते याच ३१० पथकाचं होतं. तेव्हाही आत तिघंच.

युद्धाच्या अनुभवातून एक जुना वाद निकालात निघाला. समुद्रावर पाहणारा आणि समुद्रात लढणारा वेगवेगळ्या दलांत असले की निरोप पोचायला वेळ लागतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. नोव्हेंबर १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन विमानं हवाई दलाकडून नौदलाकडे आली आणि दाबोळीला उतरली. १९७७ मध्ये रशियन बनावटीची आयएल-३८ आली. प्रथम तीन, नंतर आणखी दोन. दाबोळी हे पश्चिम समुद्रावरच्या टेहळणीचं मुख्य ठाणं झालं. या ठाण्याने आपली माणसं युद्धाविनाही गमावली आहेत. १ ऑक्टोबर २००२ रोजी आयएल-३८ च्या ३१५ पथकाचा रौप्यमहोत्सव होता. त्यानिमित्त रचना करून उडणारी दोन विमानं दाबोळीजवळ एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले बाराही जण गेले, खाली जमिनीवरही जीव गेले. पाच विमानांच्या पथकाची दोन विमानं एका क्षणात संपली.

इथवरचा पहारा पाणबुड्या आणि युद्धनौकांसाठी होता. लहान होड्यांकडे बारीक पाहायला हवं, हे शिकवलं ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याने, आणि त्याची किंमत फार मोठी होती. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर आरडीएक्स उतरलं. सोनं-चांदीची चोरटी आयात जिथून वर्षानुवर्षं होत आली, त्याच वाटेने. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसं मेली. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यांसाठी ‘ऑपरेशन स्वॅन’ सुरू झालं : नौदल, तटरक्षक दल, कस्टम्स आणि पोलीस यांची संयुक्त गस्त. पण पंधरा वर्षांनी ही जाळीही अपुरी ठरली. नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून आलेल्या दहा जणांनी भर समुद्रात ‘कुबेर’ नावाचा गुजराती मच्छीमार ट्रॉलर ताब्यात घेतला, त्यावरच्या माणसांना मारलं आणि ते मुंबईसमोर येऊन थांबले. तिथून रबरी होडीने कुलाब्याच्या कोळीवस्तीजवळ उतरले.

२६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर काय बदललं, याचे तपशील या हकिगतीला फार जवळचे आहेत. २००९ च्या आरंभी सगळ्या सागरी सुरक्षेची सूत्रं नौदलाकडे आली आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याची जबाबदारी तटरक्षक दलाकडे. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, त्यांची सागर सुरक्षा दलं उभी राहिली. आणि आकाशातून हजारो होड्यांमध्ये एक वेगळी होडी ओळखायचं काम वाढलं. मोठी आयएल-३८ त्यासाठी उपयोगाची नव्हती. ती दूरच्या समुद्रासाठी. किनाऱ्यालगतच्या रोजच्या गस्तीचा भार पडला डॉर्नियरवर.

डॉर्नियर २२८ हे मूळचं जर्मन विमान. १९८० च्या दशकापासून ते कानपूरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनतं. ज्यांना ‘वायुदूत’ ही सरकारी कंपनी आठवते, त्यांनी ते प्रवासी रूपात पाहिलेलं असेल : दोन पंख्यांचं, लांबट नाकाचं, सतराएक मीटर पंखविस्ताराचं. आखूड धावपट्टीवरून उडतं, खालून सावकाश जाऊ शकतं आणि इंधन जपून वापरतं. नौदलाने आणि तटरक्षक दलाने त्याच्या पोटाखाली रडार बसवलं आणि त्याचं टेहळणी विमान केलं. अलिझे निवृत्त झाल्यावर ३१० पथकाकडेही हीच विमानं आली.

अशा विमानात वैमानिकाइतकंच महत्त्व निरीक्षकाला असतं. वैमानिक विमान हाकतो. रडारच्या पडद्यावरचा कुठला ठिपका तपासायचा, तिथवर कोणत्या मार्गाने जायचं, दिसलेलं जहाज काय आहे, हे निरीक्षक ठरवतो. त्याचं शिक्षण कोचीच्या ‘आयएनएस गरुडा’ तळावर होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये याच तळावर सीमा राणी शर्मा आणि अंबिका हुडा या दोन सब-लेफ्टनंटना निरीक्षकाचं पंखचिन्ह मिळालं. टेहळणी विमानात निरीक्षक म्हणून बसणाऱ्या नौदलातल्या त्या पहिल्या स्त्रिया. त्या वेळी नौदलाच्या विमानांचं सुकाणू स्त्रियांच्या हाती नव्हतं, निरीक्षकाची जागा मात्र उघडली होती. किरण शेखावत त्याच वाटेने आल्या.

किरण यांचा जन्म मुंबईतला, १ मे १९८८ चा. घराणं राजस्थानातल्या खेत्री भागातलं, वडील नौदलात. शिक्षण विशाखापट्टणमला झालं, पदवी भौतिकशास्त्राची. २०१० मध्ये त्या केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीत दाखल झाल्या. २६ जानेवारी २०१५ च्या दिल्लीतल्या संचलनात तिन्ही दलांच्या फक्त स्त्रियांच्या तुकड्या प्रथमच चालल्या. अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा त्या दिवशी पाहुणे होते. नौदलाच्या तुकडीत किरण होत्या. तिथून दाबोळीच्या त्या रात्रीपर्यंत दोन महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते. त्यांचे पतीही नौदलातच अधिकारी होते.

रात्री समुद्रावर खालून उडण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. जमिनीवर गावांचे दिवे असतात, रस्ते असतात, डोंगराची कड असते. किनारा मागे पडला की समुद्रावर यातलं काही राहत नाही. आकाश आणि पाणी यांची सीमा पुसली जाते. मच्छीमारांच्या ट्रॉलरचे दिवे खाली लुकलुकतात, तारे वर, आणि दोन्हींत फरक करणं अवघड होतं. माणसाच्या कानाच्या आत तोल सांभाळणारी जी रचना आहे, ती अशा वेळी चुकीची माहिती देते. विमान वळत असताना ते सरळ चाललं आहे असं वाटतं, उतरत असताना समतल आहे असं वाटतं. म्हणून वैमानिकाला शरीराचं न ऐकता समोरची उपकरणं वाचायची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय अंधारात उडल्याखेरीज लागत नाही. शिवाय, खाली येऊन जहाज ओळखायचं असेल तर हाताशी उंची थोडी असते. चूक दुरुस्त करायला काही सेकंद मिळतात. हे सगळ्याच दलांच्या रात्रीच्या सागरी उड्डाणांना लागू आहे. २४ मार्चची ती रात्र चैत्रातल्या चतुर्थी-पंचमीची. दहाच्या सुमारास चंद्राची कोर पश्चिमेला मावळतीला आलेली असणार.

संपर्क तुटल्यावर नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं, विमानं त्या दिशेने निघाली. पण कमांडर जोशी यांना पाण्यातून वर काढलं ते मच्छीमारांच्या होडीने. मला या साऱ्या प्रकरणातली ही घटना फार महत्त्वाची वाटते. सहा-सात वर्षांपूर्वी एका ट्रॉलरच्या आडून मुंबईवर हल्ला झाला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक ट्रॉलरकडे संशयाने पाहायची वेळ आली होती. ज्या विमानांचं काम या होड्यांवर नजर ठेवण्याचं, त्यातल्याच एका विमानाचा वैमानिक अंधाऱ्या समुद्रात तरंगत असताना सगळ्यांत जवळ होती ती एक मासेमारी होडी. किनाऱ्याची सुरक्षा मच्छीमारांशिवाय होत नाही, असं समित्यांच्या अहवालांत लिहिलेलं असतं. गोव्याच्या समुद्रात त्या रात्री ते खरं ठरलं.

नागोरी आणि शेखावत यांचा शोध दुसऱ्या दिवशीही चालू राहिला. यात कामाला आली ‘आयएनएस मकर’. हे कारवारच्या तळावरचं सर्वेक्षण जहाज, दोन जुळ्या सांगाड्यांचं, कॅटामरान पद्धतीचं. एरवी ते समुद्रतळाची खोली मोजून नकाशे बनवतं. तळाचं ध्वनिचित्र काढण्याची जी साधनं नकाशासाठी, तीच बुडालेल्या विमानासाठी उपयोगी पडली. २६ मार्चला विमानाचा सांगाडा सापडला. गोव्यासमोरचा समुद्र त्या अंतरावर पन्नास-साठ मीटर खोल आहे, पाणबुडे तिथवर उतरू शकतात. लेफ्टनंट शेखावत यांचा मृतदेह सांगाड्यातच मिळाला. लेफ्टनंट नागोरी हे उदयपूरचे. त्यांचा शोध त्यानंतरही चालू ठेवावा लागला.

किरण यांच्यावर हरियाणातल्या सासरच्या गावी लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या त्या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी, अशी त्यांची नोंद झाली. नौदलाने अपघाताच्या कारणांसाठी चौकशी मंडळ नेमलं.

ही चौकशी चालू असताना दुसरा आघात झाला, पूर्व किनाऱ्यावर. ८ जून २०१५ रोजी संध्याकाळी तटरक्षक दलाचं सीजी-७९१ हे डॉर्नियर चेन्नईहून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि पाल्कच्या उपसागरावर गस्तीसाठी निघालं. विमान नवं होतं, आदल्या वर्षीच दाखल झालेलं. आत डेप्युटी कमांडंट विद्यासागर, सुभाष सुरेश आणि एम. के. सोनी. पुन्हा तिघं, पुन्हा रात्र. नऊ वाजता त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं, पुढे तिरुचिरापल्लीच्या रडारवर वीसेक मिनिटं ठिपका दिसत होता आणि मग गेला.

गोव्यात दोन दिवसांत जे झालं, त्याला इथे महिन्याहून अधिक लागलं. याचं कारण समुद्राच्या तळात आहे. पश्चिम किनाऱ्यासमोर उथळ पाण्याचा रुंद पट्टा आहे. गोव्यासमोर तो कित्येक मैल पसरलेला. हे विमान जिथे हरवलं, त्या कारैकल-कडलूरच्या पुढे मात्र तळ लवकर खाली जातो. शोधासाठी जहाजं समुद्र विंचरत राहिली. विमानाच्या ब्लॅक बॉक्सला एक ध्वनिदीप जोडलेला असतो. पाण्यात पडला की तो ठरावीक कंपनांचे ठोके देऊ लागतो, पण त्याची बॅटरी साधारण तीस दिवसांची. त्या मुदतीच्या काठावर ‘सिंधुध्वज’ या पाणबुडीने ते ठोके ऐकले. पाणबुड्या शोधण्यासाठी समुद्रावर विमानं पाठवायला आपण सुरुवात केली होती. इथे पाणबुडीने विमान शोधलं. पण ती खोली पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या, आवाक्यातली नव्हती. रिलायन्स कंपनीच्या तेलक्षेत्रात काम करणारं ‘ऑलिंपिक कॅन्यन’ हे जहाज मदतीला घ्यावं लागलं. त्याच्या दूरनियंत्रित यंत्राने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे साडेनऊशे मीटर खोलीवरून ब्लॅक बॉक्स वर आणला. विमान नाहीसं होऊन तेहेतीस दिवस झाले होते. तिघांपैकी कुणीही वाचलं नाही.

अकरा आठवड्यांत दोन डॉर्नियर, पाच अधिकारी. २००८ नंतर किनाऱ्यावरची नजर वाढवायची म्हणजे काय, हे या आकड्यांत कळतं. जास्त गस्त म्हणजे जास्त उड्डाणं, त्यांतली बरीच रात्रीची, आणि रात्रीच्या गस्तीसाठी रात्रीचा सराव. नौकाबांधणी, रडार केंद्रं, ओळखपत्रं यांचे खर्च अंदाजपत्रकात दिसतात. हा खर्च तिथे दिसत नाही. १९९३ आणि २००८ या दोन वर्षांची किंमत मुंबईने मोजली, हे आपण नेहमी म्हणतो. तिचा काही भाग पुढे दाबोळी आणि चेन्नईच्या विमानांतल्या माणसांनीही मोजला.

बुडालेलं विमान शोधण्याची आपली तयारी किती, हा प्रश्न या दोन शोधांनी उभा केला होता. लगेच पुढच्या वर्षी त्याची आणखी कठीण परीक्षा झाली. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचं एएन-३२ हे वाहतूक विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. आत २९ जण होते. काही सापडेना तेव्हा शोध थांबला. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने चेन्नईपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर, एका विमानाच्या अवशेषांची छायाचित्रं काढली आणि ते एएन-३२ चे असल्याचं ठरलं. साडेसात वर्षांनी घरच्यांना उत्तर मिळालं. गोव्यासमोर मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये मिग-२९के हे प्रशिक्षण विमान कोसळलं, तेव्हा कमांडर निशांत सिंग यांचा देह अकरा दिवसांत, सुमारे सत्तर मीटर खोलीवरून मिळाला. त्यांच्यासोबतचा दुसरा वैमानिक वाचला होता.

किरण शेखावत यांच्या मृत्यूनंतरची दुसरी गोष्ट न्यायालयात घडत होती. त्या वेळी त्यांच्यासारख्या बहुतेक महिला अधिकारी नौदलात ठरावीक वर्षांच्या मुदतीवर घेतल्या जात आणि मुदत संपली की घरी जात. कायम सेवेचा हक्क पुरुषांना होता. याविरुद्ध काही महिला अधिकाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये, गोव्याच्या अपघातानंतर साडेपाच महिन्यांनी, निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च २०२० रोजी तिथेही हरलं. समुद्रावरचं काम स्त्रियांना झेपणार नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. या खटल्याचा दाबोळीच्या अपघाताशी थेट संबंध नाही. पण किरण यांच्या हयातीत नौदल त्यांना जोखीम पूर्ण देत होतं आणि नोकरीचं स्थैर्य अर्धंच, ही विसंगती इतिहास लिहिताना झाकता येणार नाही.

वैमानिकाच्या खुर्चीचं दारही उघडलं. २ डिसेंबर २०१९ रोजी कोचीला सब-लेफ्टनंट शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, आणि तिला मिळालेलं विमान होतं डॉर्नियर. ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरच्या ३१४ पथकाच्या डॉर्नियरने उत्तर अरबी समुद्रावर एक संपूर्ण गस्त घातली. लेफ्टनंट कमांडर आंचल शर्मा कॅप्टन होत्या, सोबत शिवांगी आणि अपूर्वा गीते या वैमानिक, पूजा पांडा आणि पूजा शेखावत या निरीक्षक. विमानात पुरुष एकही नव्हता. दोन्ही निरीक्षकांच्या खुर्च्यांचा रस्ता २००९ मध्ये कोचीला सुरू झाला होता आणि किरण शेखावत त्यावरून गेल्या होत्या.

दाबोळीचं चित्रही दरम्यान पालटलं. मार्च २०२२ मध्ये तिथे अमेरिकी बनावटीच्या पी-८आय विमानांचं नवं पथक आलं. दूरच्या महासागरावर पाणबुड्यांच्या मागावर जाणारं ते आजचं मुख्य विमान. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची आयएल-३८ निवृत्त झाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडून नौदलाने २०१६ मध्ये बारा नवी, सुधारित डॉर्नियर मागवली. किनाऱ्यालगतची, होडी-होडीतून शोधत जाणारी गस्त अजूनही याच विमानांवर आहे. ती गस्त दिवसाची तशी रात्रीचीही असते, त्यामुळे नव्या वैमानिकांना आणि निरीक्षकांना अंधारात, किनारा मागे टाकून, समुद्रावर सराव करावाच लागतो.